कळ उजवीकडे, शंका अंडाशयावर

पोट फुगलेली, वजन झपाट्यानं उतरलेली एक वयस्क बाई १९५०च्या दशकात ग्लासगोच्या रुग्णालयात दाखल झाली होती. जठराचा कॅन्सर पसरलाय, पोटात पाणी झालंय आणि आता करण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, असं निदान होऊन बसलं होतं. इयन डोनाल्ड हे त्या शहरातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. कारखान्यात धातूच्या आतली भेग ध्वनिलहरींनी शोधतात, तर माणसाच्या पोटात त्याच लहरी का सोडू नयेत, या विचारानं त्यांना पछाडलं होतं. १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या गाठी गाडीच्या डिकीत घालून ते बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्राखाली त्यांनी त्या धरून पाहिल्या. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांच्यावरून उमटणारे प्रतिध्वनी वेगळे असतात, हे तिथे स्पष्ट दिसलं. पुढे त्या बाईच्या पोटावर त्यांनी आपलं ओबडधोबड यंत्र टेकवलं, तेव्हा आत मोकळं पाणी नव्हतंच. स्वतःची भिंत असलेली एक प्रचंड गाठ होती. पोट उघडलं, गाठ काढली. ती अंडाशयाची निघाली, आणि कॅन्सरची नव्हती.

७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड, त्यांचे सहकारी जॉन मॅकव्हिकर आणि अभियंते टॉम ब्राउन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीच्या इतिहासात तो मैलाचा दगड मानला जातो. स्त्रीरोगाच्या क्षेत्रात या यंत्राचा दबदबा निर्माण झाला तो अशा गाठींमुळे. पोटातलं बाळ पडद्यावर बघण्याचं कौतुक नंतर आलं.

महाराष्ट्रात मात्र हे यंत्र घराघरांत ओळखीचं झालं ते निराळ्याच कारणानं. गर्भाचं लिंग ओळखून मुली पाडल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्याविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो या राज्यानं. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर घसरली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. या आकड्यांमागे जे घडलं ते बघता कायद्याची पकड तसूभरही ढिली व्हायला नको. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या दारावर असते आणि ती असायलाच हवी.

पण या सगळ्या धामधुमीत अंडाशय मागे पडलं. सोनोग्राफी म्हटलं की ‘दिवस गेलेत’ एवढंच मनात येतं. लग्न न झालेल्या मुलीच्या ओटीपोटात मध्यरात्री कळ उठली, तर घरात सोनोग्राफी कुणाला सुचत नाही, आणि डॉक्टरांनी सुचवली तर आई आधी दचकते. शेजारीपाजारी काय म्हणतील, केंद्रातल्या बाकावर कोण भेटेल, याचा विचार आधी होतो. ही तपासणी अंडाशयाचं दुखणं ओळखण्यासाठी आहे, आणि काही दुखण्यांत ती सकाळपर्यंत थांबू शकत नाही, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या घरांपर्यंत, शाळांपर्यंत आणि अनेक सरकारी रुग्णालयांच्या रात्रपाळीपर्यंतही पोचलेली नाही.

बायकांचं दुखणं अंगावर काढलं जातं, हे नुसतं बोलायचं वाक्य नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तक्रार असो वा नसो, सगळ्यांची. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक आजार आढळले. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्यानंतर रस्ते झाले, रुग्णवाहिका आल्या, तालुक्याच्या गावी सोनोग्राफीची केंद्रं उघडली. दुखणं आधी लपवायचं, मग सोसायचं आणि अगदीच असह्य झालं की बोलायचं, हा क्रम मात्र बऱ्याच घरांत तसाच आहे.

अचानक उठणाऱ्या कळेची गोष्ट साधारण अशी घडते. ओटीपोटात, बहुधा एका बाजूला, तीव्र दुखू लागतं. मळमळतं, उलटी होते, दरदरून घाम सुटतो. घरी ओवा दिला जातो, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक होतो, पाळीच्या दुखण्याची गोळी दिली जाते. कुठे ‘बेंबी सरकली’ म्हणून तेल लावून पोट चोळतात. हे चोळणं तर ताबडतोब थांबायला हवं, कारण आत फुगलेली गाठ किंवा गर्भाशयाबाहेर बीजवाहक नळीत रुजलेला गर्भ असेल तर तो दाबानं फुटू शकतो. दवाखान्यात गेल्यावर अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन मिळतं. दुखणं उजवीकडे असेल तर मग अपेंडिक्सची शंका येते. ती शंका रास्तच आहे आणि पुष्कळदा खरीही निघते. पण अपेंडिक्सच्या शेजारीच उजवं अंडाशय आहे, याची आठवण त्याच क्षणी व्हायला हवी.

अंडाशय काही एका जागी घट्ट चिकटवलेलं नसतं. साधारण तीन सेंटिमीटर लांबीचा हा अवयव दोन बंधांवर तोललेला असतो. एक बंध त्याला गर्भाशयाशी जोडतो, दुसरा ओटीपोटाच्या भिंतीशी, आणि या दुसऱ्या बंधातून मुख्य रक्तवाहिन्या आत येतात. अंडाशयावर पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ आली की वजनानं ते झुकतं आणि या बंधांभोवती गिरकी घेऊ शकतं. गाठीला पीळ बसला, असं डॉक्टर म्हणतात ते हेच. पीळ बसणाऱ्या गाठींत डर्मॉइड वारंवार आढळतो. केस, चरबी, क्वचित दातसुद्धा असलेली ही गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. उजव्या बाजूला पीळ अधिक बसतो. डावीकडे मोठ्या आतड्याचा वळसा जागा व्यापून असतो, त्यामुळे अंडाशयाला गिरकी घ्यायला वाव कमी मिळतो. लहान मुलींत आणि किशोरींत तर गाठ नसतानाही पीळ बसतो, कारण त्यांचे बंध तुलनेनं लांब असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीला कळ आली तर ‘तिला कसली गाठ असणार’ म्हणून अंडाशयाला यादीतून वगळणं चुकीचं ठरतं ते यामुळे.

पीळ बसला की आधी शिरा दबतात, कारण त्यांच्या भिंती मऊ असतात. धमन्यांतून रक्त आत येत राहतं, पण बाहेर पडत नाही. अंडाशय सुजतं, जड होतं, काळंनिळं पडतं, आणि शेवटी धमन्याही बंद होतात. यात किती तास जातात याचं ठाम वेळापत्रक कुणाला देता येत नाही. पीळ अर्धवट असेल तर तो आपोआप सुटतो आणि पुन्हा बसतो. कळ येते, ओसरते, पुन्हा येते. ओसरली की घरचे निर्धास्त होतात आणि दवाखान्यात जायचा बेत रद्द होतो. अशी येऊन-जाऊन राहणारी कळ ज्या मुलीनं मागच्या महिन्यातही सांगितली असेल, तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवं.

पडद्यावर हे कसं दिसतं? सुजलेलं अंडाशय दुसऱ्या बाजूच्या अंडाशयापेक्षा स्पष्टपणे मोठं असतं. त्यातली बारीक बीजपुटकं सुजेमुळे कडेला ढकलली जाऊन परिघावर ओळीनं दिसतात. अंडाशय आपली जागा सोडून मध्यभागी, कधी गर्भाशयाच्या पुढे किंवा मागे सरकलेलं असतं. आसपास थोडं पाणी साचलेलं असतं. अनुभवी हाताला पिळलेला देठच सापडला, तर त्यातल्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या एकमेकींभोवती फिरलेल्या दिसतात, आणि ही खूण सापडली की शंकेला फारशी जागा राहत नाही. याखेरीज आणखी एक साधी, बिनखर्चाची गोष्ट सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातात असते. प्रोब टेकवून ‘नेमकं इथेच दुखतंय का?’ असं विचारायचं. अपेंडिक्सवर दाबल्यावर कळ येते की अंडाशयावर, हे रुग्णाचा चेहराच सांगतो. घाईत आणि गर्दीत हा प्रश्न राहून जातो.

आता या लेखातला सर्वांत काळजीचा मुद्दा. रंगीत डॉपलर तपासणीत रक्ताचा प्रवाह पडद्यावर दिसतो. अंडाशयात प्रवाह दिसला की अहवालात तसं लिहिलं जातं, आणि तेवढ्या एका ओळीवर ‘म्हणजे पीळ नाही’ असा निष्कर्ष काढून मुलीला घरी पाठवलं जातं. हा निष्कर्ष धोकादायक आहे. अंडाशयाला रक्त दोन बाजूंनी मिळतं, एक धमनी थेट महाधमनीतून येते आणि दुसरी शाखा गर्भाशयाच्या धमनीतून. पीळ अर्धवट असेल, नुकताच बसला असेल किंवा काही काळ सुटला असेल, तर प्रवाह छान दिसतो. शस्त्रक्रियेत पीळ निश्चित झालेल्या कितीतरी रुग्णांच्या डॉपलरमध्ये प्रवाह होता, हे वैद्यकीय साहित्यात पुन्हा पुन्हा नोंदवलं गेलं आहे. प्रवाह थांबलेला दिसला तर पीळ असण्याची शक्यता खूप मोठी. प्रवाह दिसला, तर त्यावरून पीळ नाही असं म्हणता येत नाही. मुलगी कळेनं वाकली आहे, दोनदा उलटी झाली आहे, अंडाशय सुजलेलं आहे, आणि डॉपलर ‘नॉर्मल’ आहे, अशा वेळी डॉपलर बाजूला ठेवून मुलीकडे बघणारा डॉक्टर हवा.

अहवाल लिहिणाऱ्यानं आणि वाचणाऱ्यानं एकमेकांशी बोलायला हवं, ही अपेक्षा मोठी नाही. सोनोग्राफी करणाऱ्याला कागदावर नुसतं ‘पोटदुखी’ एवढंच कळवलं जातं. कळ कधी सुरू झाली, पाळी कधी आली होती, उलट्या किती झाल्या, आधी कधी गाठ सांगितली होती का, हे कळलं तर तो शोधतो ते वेगळ्या नजरेनं. एक फोन पुरतो.

वेळ इतकी महत्त्वाची का, हे समजून घ्यायला शस्त्रक्रियेत काय बदललं ते बघावं लागेल. पूर्वी पोट उघडल्यावर काळंनिळं अंडाशय दिसलं की ते मेलं असं समजून काढून टाकत. पीळ सोडवला तर त्यातल्या रक्ताच्या गुठळ्या फुफ्फुसात जातील, अशीही भीती होती. ती भीती अनुभवाच्या कसोटीवर टिकली नाही. उलट, काळंनिळं दिसणारी अंडाशयं पीळ सोडवल्यानंतर बहुतेक वेळा पुन्हा कामाला लागतात आणि काही आठवड्यांनी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्यात बीजपुटकं वाढताना दिसतात, असं आढळून आलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये किशोरींसाठी दिलेला सल्ला स्पष्ट आहे: पीळ सोडवा, अंडाशय वाचवा, रंगावरून ते काढून टाकू नका. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं हे काम होतं. मुलगी एक-दोन दिवसांत घरी जाते. म्हणजे वाचवता येण्याजोगा अवयव आणि तो वाचवण्याची रीत, दोन्ही हाताशी आहेत. उशीर होतो तो निदानात.

प्रत्येक कळ म्हणजे पीळ नव्हे, हेही तितकंच खरं. दर महिन्याला बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात एक छोटी पिवळट ग्रंथी तयार होते आणि तिच्यात कधी कधी रक्तस्राव होतो. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, जड काही उचलल्यावर किंवा शरीरसंबंधानंतर अचानक दुखू लागतं. सोनोग्राफीत गाठीच्या आत जाळीसारखे बारीक धागे दिसतात, नंतर गोठलेल्या रक्ताचा गोळा एका कडेला आकसतो. पुष्कळ वेळा वेदनाशामक गोळ्या, विश्रांती आणि सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा एक सोनोग्राफी, एवढंच लागतं. गाठ तोवर विरून गेलेली असते. इथे सोनोग्राफी नको असलेली शस्त्रक्रिया टाळते. अपवाद असतात: रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या स्त्रीला हाच रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. मग पोटात किती रक्त साचलंय, नाडी किती, रक्तदाब किती, यावर निर्णय होतो. एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी ‘चॉकलेट सिस्ट’ फुटणं, जंतुसंसर्गानं नळी आणि अंडाशय मिळून पू होणं, वंध्यत्वाच्या उपचारांत इंजेक्शनांनी अंडाशयं फुगणं, ही कारणंही यादीत असतातच. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयावर गाठ आढळली तर तिच्याकडे निराळ्या, अधिक सावध नजरेनं बघावं लागतं.

पण या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा. ही स्त्री गर्भवती आहे का?

सर्वसाधारणपणे शंभर गर्भधारणांतल्या एक ते दोन गर्भाशयाबाहेर, बहुतांश नळीत, आणि फार क्वचित अंडाशयावरच रुजतात. नळी फुटली की पोटात रक्त साचत जातं आणि तासाभरात स्त्रीची शुद्ध हरपू शकते. ही शंका दूर करायला लघवीची एक चाचणी लागते. तिचा खर्च नगण्य आहे आणि उत्तर पाच मिनिटांत मिळतं. चाचणी पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी, हे दोन धागे जुळले की डॉक्टर सावध होतो. कधी दिवस अगदी लवकरचे असतात आणि काहीच दिसत नाही. मग रक्तातलं हार्मोन मोजून अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा मोजलं जातं. तोवर रुग्णाला वाऱ्यावर सोडायचं नसतं.

ही चाचणी टाळली जाते त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे संकोच. ‘अहो, लग्न व्हायचंय तिचं’ असं आईनं म्हटलं की डॉक्टरही गप्प बसतो. तो बसायला नको. पाळी सुरू झालेल्या आणि पोटात कळ असलेल्या प्रत्येकीची ही चाचणी सरसकट व्हावी, जसा ताप आलेल्या प्रत्येकाचा ताप मोजतात. सरसकट केली की कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवल्यासारखं होत नाही. आईवडिलांनाही ते समजावून सांगता येतं. मुलीशी मात्र एकटीशी, परिचारिकेच्या सोबतीनं, दोन मिनिटं बोलायला हवं.

दुसरं कारण महाराष्ट्राला जास्त लागू आहे. या राज्यात कुटुंबनियोजनाची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे बाईची नसबंदी. दोन-तीन मुलांनंतर ‘ऑपरेशन झालंय’ असं बाई सांगते, आणि ऐकणारा गर्भधारणेचा विचार मनातून काढून टाकतो. नसबंदीनंतर दिवस जाणं फार दुर्मीळ आहे. पण गेलेच, तर तो गर्भ नळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा कितीतरी मोठी असते. थोडा रक्तस्राव होतो, बाईला वाटतं पाळी आली. चाळिशीच्या उंबरठ्यावरची, शेतात राबणारी, ऑपरेशन झालेली बाई चक्कर येऊन पडली, तर ‘अशक्तपणा’ म्हणून सलाइन लावण्याआधी तिची लघवी तपासली गेली पाहिजे.

सोनोग्राफी नेमकी कशी करायची, यातही रुग्णाचा वेळ जातो. विवाहित स्त्रीत योनीमार्गातून केलेली, जिला डॉक्टर ‘टीव्हीएस’ म्हणतात ती तपासणी सर्वांत स्पष्ट असते, कारण प्रोब अंडाशयाच्या अगदी जवळ पोचतो. अर्थात आधी नीट समजावून, तिची संमती घेऊन आणि स्त्री-परिचारिका सोबत असताना. लग्न न झालेल्या मुलीत आपल्याकडे पोटावरूनच बघतात, आणि त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं. ‘भरपूर पाणी प्या, लघवी जोरात लागली की सांगा,’ असं म्हणून तिला बाहेर बसवतात. ज्या मुलीला घोटभर पाणीही उलटून पडतंय ती लिटरभर पाणी कुठून पिणार? शिवाय तिला रात्रीच भूल द्यावी लागणार असेल, तर पोट पाण्यानं भरणं हे भूलतज्ज्ञाच्या दृष्टीनं आणखी एक संकट. अशा वेळी शिरेतून सलाइन देऊन किंवा बारीक नळीनं मूत्राशय भरून लगेच सोनोग्राफी करता येते. काही ठिकाणी हे होतं, पुष्कळ ठिकाणी होत नाही. यासाठी नवं यंत्र लागत नाही.

आणि रुग्णाचा रक्तदाब कोसळत असेल, तर तपशीलवार सोनोग्राफीसाठी तिला दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या गावात पाठवणंच चूक. खाटेशेजारी यंत्र आणून यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधल्या फटीत रक्त आहे का, ओटीपोटात रक्त आहे का, एवढं एका मिनिटात पाहता येतं. ते पाहायला अपघात विभागातल्या डॉक्टरला शिकवता येतं. रक्त दिसलं आणि गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली, की पुढची जागा शस्त्रक्रियागृह.

एक उलटी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. सोनोग्राफी जास्त झाली की घबराटही जास्त पसरते. अंडाशयात दर महिन्याला एक बीजपुटक वाढून सुमारे दोन सेंटिमीटरचं होतं, तेव्हा कुठे बीज बाहेर पडतं. पाळी चालू असलेल्या स्त्रीत तीन सेंटिमीटरपर्यंतचं साधं, पाण्यानं भरलेलं पुटक हे निरोगी अंडाशयाचं रोजचं काम आहे. अहवालात त्यालाच ‘सिस्ट’ म्हटलं की घरात ‘गाठ निघाली’ अशी बातमी पसरते. मुलीच्या लग्नाची काळजी सुरू होते, गावोगावच्या डॉक्टरांकडे फेऱ्या होतात, क्वचित नको ती शस्त्रक्रियाही होते. किशोरवयात अंडाशयात बरीच बारीक पुटकं दिसणं स्वाभाविक असताना केवळ चित्रावरून ‘पीसीओडी’चा शिक्का मारला जातो आणि तो वर्षानुवर्षं पुसला जात नाही. मापासोबत ‘हे या वयात नेहमीचं आहे’ एवढं एक वाक्य मराठीत लिहून देणाऱ्या केंद्रांचे अनेक घरांवर उपकार होतील.

आता यंत्रणेकडे वळू. तालुक्याच्या गावी दिवसा सोनोग्राफी होते, संध्याकाळी सातनंतर तिचं दार बंद होतं, ही तक्रार ग्रामीण महाराष्ट्रात सगळीकडे ऐकू येते. यंत्र असतं, चालवणारा नसतो. कुठे तज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक वारी येतो, आणि ते वार बहुधा गर्भवतींच्या तपासणीचे असतात. रात्री कळ आलेली मुलगी ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवली जाते. १०८ ची रुग्णवाहिका मिळते, पण ती जिथे नेते तिथे त्या घटकेला सोनोग्राफी होईल की नाही, हे चालकालाही ठाऊक नसतं आणि नातेवाइकांनाही.

गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे हात बांधले गेलेत, असं यावर सांगितलं जातं. या युक्तिवादात अर्धंच तथ्य आहे. नोंदणी नसलेलं यंत्र वापरता येत नाही आणि फिरतं यंत्र घेऊन गावोगाव हिंडता येत नाही, हे खरं, आणि ते तसंच राहावं. पण २०१२ मध्ये बदललेले नियम नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, तिथे दाखल झालेल्या रुग्णासाठी उचलून नेता येणारं यंत्र वापरायला परवानगी देतात. या कायद्याखाली भरावा लागणारा ‘फॉर्म एफ’ गर्भवतीसाठी आहे. कळ आलेल्या मुलीची चाचणी निगेटिव्ह असेल तर तो आडवा येत नाही, आणि पॉझिटिव्ह असेल तर तो भरायला काही मिनिटं लागतात. २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी पोट आणि ओटीपोटाच्या मूलभूत सोनोग्राफीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षणही आखून दिलं. म्हणजे कायद्याच्या चौकटीतच रात्रीची सोय होऊ शकते. छोट्या नोंदचुकीवरून यंत्रावर सील लागेल, ही रेडिओलॉजिस्टांची भीती खरी आहे आणि तिच्यावर बोलणं व्हायला हवं. ती भीती रात्रपाळीला माणूस न ठेवण्याचं कारण मात्र होऊ शकत नाही.

आरोग्य विभागाला करता येण्याजोग्या गोष्टी ठोस आहेत. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर रात्री हजर किंवा फोनवर पंधरा मिनिटांत येईल असा असावा. पडद्यावरची चित्रं जिल्ह्याच्या रेडिओलॉजिस्टला लगेच पाठवून त्याचं मत घेण्याची सोय असावी. एक्स-रे आणि सीटी स्कॅनबाबत असं दूरवरून वाचन होतंच. सोनोग्राफीत प्रोब पकडणारा हात महत्त्वाचा असल्यानं चित्रांबरोबर फोनवर बोलणंही लागेल. अपघात विभागात पोटदुखीच्या केसपेपरवर पाळीची तारीख आणि गर्भचाचणीचा निकाल यांसाठी दोन छापील रकाने असावेत, म्हणजे ते कोरे राहिले तर डोळ्यांत भरतील.

वसतिगृहांच्या अधीक्षकांना, आश्रमशाळांतल्या शिक्षिकांना आणि आशा सेविकांना चार लक्षणं पाठ करवता येतील: अचानक उठलेली एका बाजूची कळ, सोबत उलटी, चक्कर किंवा खांद्यात दुखणं, आणि चुकलेली किंवा नेहमीपेक्षा वेगळी पाळी. यांतली पहिली दोन एकत्र दिसली तरी सकाळची वाट बघायची नाही. खांद्याचं दुखणं या यादीत बघून नवल वाटेल, पण पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागलं की वेदना खांद्यात जाणवते, आणि ती सांगणारी बाई बऱ्याचदा ‘अवघडलंय’ म्हणून मलम चोळत बसते.

आणि १०८ च्या नियंत्रण कक्षात रोज रात्री एक यादी असावी. आज या जिल्ह्यात कोणत्या रुग्णालयात या क्षणी सोनोग्राफी होईल, कुठे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघंही हजर आहेत, कुठे रक्त उपलब्ध आहे. रुग्णवाहिका सर्वांत जवळच्या दारी जाण्याऐवजी जिथे निदान आणि शस्त्रक्रिया दोन्ही होतील तिथे सरळ गेली, तर मधल्या दोन ठिकाणी केसपेपर काढण्यात जाणारे तास वाचतील. ही यादी तयार करायला नवा कायदा लागत नाही, नवं बांधकाम लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांनी रोज संध्याकाळी सहा वाजता ती भरून पाठवावी आणि ती लोकांनाही बघता यावी.